डोंगराची प्रदक्षिणा

वेल्सच्या वायव्येला, ग्विनेद परगण्यात, लॅनबेरिस नावाचे गाव आहे. वस्ती दोन हजारांच्या आसपास. एका अंगाला तळे आणि दुसऱ्या अंगाला वेल्समधला सर्वांत उंच डोंगर, १,०८५ मीटरचा अर विद्वा, म्हणजेच इंग्रजीतला स्नोडन. ऑक्टोबरच्या अखेरीस एका शनिवारी या गावाजवळून निघून, त्या डोंगराला पूर्ण वळसा घालून पुन्हा गावात परतणारी एक मॅरेथॉन १९८२ पासून भरते. तिचे नाव मॅरेथॉन एररी. एररी हे या डोंगराळ मुलखाचे वेल्श नाव आहे. लंडनच्या मॅरेथॉनमध्ये आता पन्नास हजारांहून अधिक माणसे धावतात, इथे दोन-तीन हजार. अंतर तेच, ४२.१९५ किलोमीटर. पण दोन्हीकडे हाती येणारी वेळ एकाच मापाची नसते. एररीला अलीकडचे विजेतेही साधारणपणे अडीच तासांच्या पुढेच येतात, आणि सपाट शहरात साडेतीन तासांत मॅरेथॉन संपवणारा इथे आला की चार तासांच्या हिशोबाने निघतो. यावरून अशा शर्यतींना हौसेची, दुय्यम मॅरेथॉन ठरवण्याची सवय अनेकांना आहे. मला ती चुकीची वाटते. सपाट मॅरेथॉन मुख्यतः वेग मोजते. डोंगरी मॅरेथॉन निर्णय मोजते: अंगातली ताकद कुठे राखली, कुठे सोडली, आणि पुढचा रस्ता ओळखून चाल वेळेवर बदलली की नाही. ही मोजणी कमी दर्जाची नाही. मॅरेथॉन जन्माला आली तेव्हा ती हेच मोजत होती.

आधी रस्ता पाहू, कारण या शर्यतीचा सगळा युक्तिवाद रस्त्यातच आहे. सुरुवातीचे दोन-तीन किलोमीटर बऱ्यापैकी सपाट आहेत, आणि पहिला सापळा तिथेच लागतो. थंडीत ताटकळलेली माणसे सुटतात ती घोळक्याच्या वेगाने. नांट पेरिस ओलांडले की दोन्ही बाजूंचे कडे जवळ येतात आणि पेन-अ-पास खिंडीची चढण लागते. खिंडीचा माथा ३५९ मीटरवर आहे, या वर्तुळातला सर्वांत उंच बिंदू. धावणारे शिखरावर जात नाहीत, पायथ्यापायथ्याने फिरतात, त्यामुळे आकडा किरकोळ वाटतो. पण तिथवर सलग काही किलोमीटर श्वास लावत चढावे लागते आणि पाय अजून ताजे असल्याने बहुतेक जण गरजेपेक्षा जोरात चढतात. माथ्यापलीकडे पेन-अ-ग्वरिड आहे. तिथल्या जुन्या हॉटेलात १९५३च्या एव्हरेस्ट मोहिमेचे गिर्यारोहक सरावाच्या काळात मुक्कामाला असत. तिथून नांट ग्विनांटच्या खोऱ्यात लांबलचक उतार सुरू होतो, दोन तळी लागतात आणि निम्म्या अंतराच्या सुमारास बेथगेलर्ट गाव येते. मग दुसरी चढण, रीड-दीच्या दिशेने. ती उभी नाही, पण संपता संपत नाही. पुढे तळ्याकाठचा रस्ता आणि वाइनवाउर हे खेडे. इथे पस्तीस किलोमीटर झालेले असतात. आणि नेमक्या याच ठिकाणी तिसरी, सर्वांत तीव्र चढण उभी राहते, बुल्ख-अ-ग्रोइसच्या माथ्यापर्यंत, काही भाग कच्च्या वाटेचा. तिच्या पलीकडे लॅनबेरिसपर्यंतचा शेवटचा उतार इतका खडा आहे की पावसात निसरड्या गवतावरून उतरताना वेग सोडा, तोल सांभाळणे हेच काम होऊन बसते.

आता एक साधा प्रश्न. वर्तुळाकार मार्गावर जितके चढतो तितकेच उतरतो. मग चढावर गेलेला वेळ उतारावर परत का मिळत नाही? याचे अर्धे उत्तर ऊर्जेच्या हिशोबात आहे. इटालियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ अल्बर्टो मिनेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये वेगवेगळ्या चढ-उतारांवर धावणाऱ्यांचा ऊर्जाखर्च मोजून एक समीकरण मांडले. त्यात आकडे घालून पाहिले तर शंभर मीटरला दहा मीटर चढणाऱ्या रस्त्यावर सपाटीच्या सुमारे १.६६ पट खर्च येतो आणि तेवढ्याच उतारावर ०.६ पट. म्हणजे चढावर ६६ टक्के जास्त गेले आणि उतारावर ४० टक्केच वाचले. पण पाच टक्क्यांच्या सौम्य चढ-उताराचा हिशोब केला तर एकूण तोटा जेमतेम तीन टक्क्यांचा निघतो, आणि एररीचा बराचसा डांबरी रस्ता याच जातीचा आहे. तेव्हा नुसत्या ऊर्जेने या शर्यतीचा संथपणा पुरता उलगडत नाही. उरलेले उत्तर स्नायूंकडे आहे. उतारावर प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू लांबत असतानाच आकुंचन पावून शरीराला ब्रेक लावतो. या ताणात त्याच्या तंतूंना सूक्ष्म इजा होतात. दुखणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोचते, पण ताकद तिथल्या तिथेच घटू लागते. त्यामुळे पेन-अ-पासवरून खाली येताना फुकटात मिळालेला वाटणारा वेग प्रत्यक्षात उधारीचा असतो, आणि वसुली वाइनवाउरच्या चढावर होते. ही शर्यत धावून आलेल्यांच्या सांगण्यात हाच सूर पुन्हा पुन्हा येतो: पहिल्या चढाने दमवले नाही, पहिल्या उताराने दमवले, आणि ते कळायला वीस किलोमीटर गेले.

मॅरेथॉन संपवणाऱ्या कोणालाही तिसाव्या-पस्तिसाव्या किलोमीटरची भिंत ठाऊक असते. स्नायूंतला आणि यकृतातला ग्लायकोजेनचा साठा आटतो, चाल तुटते. बर्लिन किंवा शिकागोला या टप्प्यावर रस्ता निदान सपाट असतो, ठरवलेल्या पेसला चिकटून राहणे हा एकच मुद्दा उरतो. एररीला भिंत आणि घाट एकाच जागी येतात. त्या चढावर बरेच जण चालू लागतात आणि त्यात काही गैर नाही. तीव्र चढावर मंद गतीने धावणे आणि झपाझप चालणे यांच्या वेगात फारसा फरक राहत नाही, आणि चालणाऱ्याच्या पायांत शेवटच्या उतारासाठी काहीतरी उरते. कधी चालायचे, हा इथला सर्वांत अवघड निर्णय. सपाट शहरी मॅरेथॉनमध्ये चालणे ही हार मानली जाते, इथे ते कौशल्यात मोडते. घड्याळ या निर्णयात मदत करत नाही, कारण चढावरच्या किलोमीटरची वेळ पाहून आपण नीट चाललो आहोत की बिघडलो आहोत हे कळत नाही. श्वास, मांड्या आणि समोरचे वळण यांवरूनच अंदाज बांधावा लागतो.

यावर पहिला आक्षेप गंभीर आहे आणि तो बाजूला सारता येणार नाही. खेळ म्हटला की तुलना आली आणि तुलनेला समान माप लागते. म्हणूनच रस्त्यावरच्या विक्रमांसाठी नियम आहेत: सुरुवात आणि शेवट यांतले सरळ अंतर शर्यतीच्या निम्म्याहून जास्त नको, आणि एकूण उतार किलोमीटरला सरासरी एक मीटरपेक्षा जास्त नको. बोस्टनचा मार्ग या दोन्ही कसोट्यांवर बाद होतो. २०११ मध्ये जेफ्री मुताई तिथे २ तास ३ मिनिटे २ सेकंदांत धावला. त्या वेळच्या विश्वविक्रमापेक्षा ही वेळ कमी होती, तरी ती विक्रम म्हणून मान्य झाली नाही. नियम योग्यच आहेत. पण गंमत अशी की हे नियम चढांबद्दल काहीच बोलत नाहीत. एररीसारखा फेरा, जिथे सुरू तिथेच जवळपास संपणारा, यांतल्या एकाही अटीत अडकत नाही. तिथे कोणी विक्रम करणार नाही एवढेच. म्हणजे सपाटी हा मॅरेथॉनचा नियम कधीच नव्हता. विक्रमाच्या ओढीने ती पसंती झाली आणि पुढे पसंतीचाच नियम वाटू लागला. २०१९ मध्ये एलिउड किपचोगेला दोन तासांच्या आत धावायचे होते तेव्हा व्हिएन्नाच्या प्राटर बागेतला जवळजवळ पूर्ण सपाट रस्ता निवडला गेला. १ तास ५९ मिनिटे ४० सेकंद ही माणसाच्या वेगाची थोर कामगिरी आहे. पण ती मिळवण्यासाठी रस्त्यातला रस्ताच जवळपास वजा करावा लागला, हेही तितकेच खरे.

उलट १८९६च्या अथेन्स ऑलिंपिकमधली पहिली मॅरेथॉन पाहा. मॅरेथॉन गावापासून अथेन्सपर्यंत सुमारे चाळीस किलोमीटर, खेड्यांमधून जाणारा रस्ता, आणि मधला मोठा पट्टा चढाचा. सतरा जण धावले, निम्मे वाटेतच गळाले. सुरुवातीला आघाडी घेणारे परदेशी धावपटू चढाच्या पट्ट्यात किंवा त्यानंतर गळाले आणि मागून संयमाने आलेला स्पिरिडोन लुईस जिंकला. आजची अथेन्सची मॅरेथॉन याच मार्गाने जाते आणि तिथला चढ दहाव्या किलोमीटरपासून तिसाव्याच्या पुढेपर्यंत टिकतो. ४२.१९५ हा आकडा लंडनच्या १९०८च्या ऑलिंपिकमधून आला आणि १९२१ मध्ये कायम झाला. मूळ शर्यत आकड्याची नव्हती, एका ठरावीक गावापासून एका ठरावीक शहरापर्यंतची होती. एररी त्या जुन्या कुळाला जास्त जवळची आहे. तिची तुलना इतर शर्यतींशी होत नसली तरी तिच्या स्वतःच्या मागल्या वर्षांशी नक्की होते. तोच घाट, तोच माथा, चाळीसहून अधिक वर्षे. आणि एकाच सकाळी एकाच वाऱ्यात धावलेल्या माणसांची आपसांत तुलना होते, जी शर्यतीची मूळ आणि पुरेशी अट आहे.

दुसरा आक्षेप निसर्गसौंदर्याबद्दल. 'निसर्गरम्य' हा शब्द पर्यटन खात्याच्या पत्रकातला आहे, धाप लागलेल्या माणसाला कसले तळे आणि कसला डोंगर, असे म्हटले जाते. त्यात तथ्य आहे. बेथगेलर्टचेच उदाहरण घ्या. लेवेलिन राजाने आपल्या इमानी कुत्र्याला, गेलर्टला, बाळाचा जीव घेतल्याच्या संशयावरून मारले आणि मग पाळण्याखाली बाळ सुखरूप व शेजारी मेलेला लांडगा सापडला, अशी तिथली कथा. पंचतंत्रातल्या ब्राह्मणीची आणि मुंगसाची गोष्ट ऐकलेल्या मराठी माणसाला ती लगेच ओळखू येते आणि लोककथांच्या अभ्यासकांनीही हे नाते नोंदले आहे. गावात गेलर्टची म्हणून दाखवतात ती समाधी अठराव्या शतकाच्या अखेरीस, प्रवासी यावेत म्हणून, तिथल्या एका खानावळवाल्याने उभारली असे मानले जाते. या खोऱ्याचे सौंदर्य दोनशे वर्षे विकले जात आहे, यात वाद नाही. शिवाय हवामान. पेन-अ-पासच्या डोक्यावरची क्रिब गोख ही धार ब्रिटनमधल्या सर्वाधिक पावसाच्या जागांपैकी एक, वर्षाला ४,००० मिलिमीटरहून अधिक. आपल्या महाबळेश्वरएवढा नाही, पण तो चार महिन्यांत उरकत नाही, वर्षभर पुरवून पडतो. ऑक्टोबरच्या शेवटी डोंगर दिसेलच याची खात्री कोणी देत नाही.

तरीही मला हा आक्षेप अपुरा वाटतो, कारण तो दृश्याला शोभा समजतो. या शर्यतीत दृश्य ही माहिती असते. नांट ग्विनांटच्या उतारावर खाली तळे दिसले की उतार अजून किती उरला ते समजते आणि पाय आवरता येतात. दरीचे तोंड कुठे वळते त्यावरून समोरचा वारा कधी पाठीवर येईल ते ओळखता येते. ढग खाली आले की ही माहिती हिरावली जाते आणि धावणे खरोखर अवघड होते. ढगातली एररी नुसती ओली नसते, ती जास्त अनिश्चित असते. शहरात धावपटू घड्याळ वाचतो, इथे त्याला मुलूख वाचावा लागतो, आणि धाप लागलेली असतानाही वाचावाच लागतो.

गावाचा भाग मी शेवटी घेतला, पण तो कमी महत्त्वाचा नाही. लॅनबेरिसच्या समोरच्या डोंगरात डिनॉर्विकची पाटीच्या दगडाची खाण होती, जगातल्या सर्वांत मोठ्या खाणींपैकी एक. तिने एके काळी तीन हजारांहून अधिक माणसांना काम दिले आणि १९६९ मध्ये ती बंद पडली. २०२१ मध्ये हा सगळा खाणप्रदेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. शर्यत पूर्ण करणाऱ्यांना इथे त्याच पाटीच्या दगडाचा तुकडा आठवण म्हणून देण्याची प्रथा आहे. परगण्यात २०२१च्या जनगणनेप्रमाणे सुमारे ६४ टक्के लोक वेल्श बोलतात, आणि शर्यतीचे चित्रण एस-फोर-सी ही वेल्श वाहिनी दाखवते. रस्त्याकडेला उभ्या माणसांचे ओरडणे पाहुण्या धावपटूला अनेकदा शब्दशः कळत नाही. अशी शर्यत दुसऱ्या गावात हलवता येणार नाही. लोकप्रियता वाढली की गर्दी वाढते, हा धोका मात्र खरा आहे: दरीतला रस्ता एकच, तो किती तास बंद ठेवता येईल आणि किती माणसे पेलेल याला मर्यादा आहे. प्रवेशसंख्या रोखून धरणे एवढाच त्यावर उपाय, आणि जागा न मिळाल्याची नाराजी ही त्याची रास्त किंमत.

राहिला नवख्यांचा प्रश्न. पहिलीच मॅरेथॉन म्हणून एररी निवडू नये, हे म्हणणे बरोबर आहे. पण तयारी करून जाणाऱ्याला तिचा धाक बाळगण्याचे कारण नाही, आणि महाराष्ट्रातल्या धावपटूंना तर ती तयारी घरचीच आहे. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन २०१२ पासून यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याने जाते आणि त्याच वाटेने परत उतरते. तिच्यात चढ आधी आणि उतार नंतर असल्याने घाटात जरा जास्त जोर लावला तरी परतीत सावरायला वाव मिळतो. एररीचा क्रम उलटा, मोठा घाट सर्वांत शेवटी. उतारावरच्या एका चांगल्या सरावाने स्नायूंना मिळणारे संरक्षण काही आठवडे टिकते, हे प्रयोगांतून दिसले आहे. त्यामुळे यवतेश्वर उतरण्याचा सराव शर्यतीच्या तीन-चार आठवडे आधी पुरेसा झालेला असावा, आणि निदान एक-दोनदा तरी सपाट रस्त्यावर पंचवीस किलोमीटर पळून झाल्यावर, पाय जड झालेले असताना, मग घाटाच्या पायथ्याशी यावे. तो चढ अर्धा पळत, अर्धा चालत कसा पार करायचा हे तिथेच ठरवून घ्यावे, कारण वाइनवाउरच्या पुढे ते ठरवण्याइतके डोके शांत नसते.