ओएलईडी ‘गेला’ म्हणण्याआधी त्याची चिप ओळखा!

पुणे-सातारा महामार्गावरच्या आमच्या किकवीहून डिस्प्ले बदलायला बुधवार पेठेतली तपकीर गल्ली गाठायची म्हणजे अख्खा दिवस जातो. म्हणून मित्रांनो, आधी एवढं तपासाच.

टाकीचा किंवा पंपाचा कंट्रोलर घरी बनवणारे बरेच जण १२८×६४ पिक्सेलचा छोटा ओएलईडी लावतात. चित्र दोन पिक्सेल सरकलंय आणि कडेला ठिपक्यांची उभी रेघ दिसतेय? मग डिस्प्ले बहुधा ठणठणीत आहे, ड्रायव्हर चुकीचा निवडलाय! एसएसडी१३०६ आणि एसएच११०६ लावलेले डिस्प्ले दिसतात सारखेच. पण एसएच११०६ची मेमरी १३२ स्तंभांची आणि काच १२८ची. यू८जी२ लायब्ररीत दोन्ही चिप आहेत, योग्य ती निवडा.

पूर्ण कोरा असेल तर आयटूसी स्कॅनर चालवा. पत्ता सहसा हेक्समध्ये ३सी, कधी ३डी.

पत्ता सापडूनही कोराच? मला ही अडचण सगळ्यात फसवी वाटते. आर्डुइनो उनोची रॅम २०४८ बाइट, त्यातल्या १०२४ एका पूर्ण चित्रालाच लागतात. ॲडाफ्रूटची लायब्ररी ही जागा प्रोग्राम सुरू झाल्यावर मागते, त्यामुळे कंपाइल करताना काहीच कळत नाही. अशा वेळी यू८जी२चा पेज मोड वापरा, १२८ बाइटांच्या बफरमध्ये भागतं.