संगणकांचे नवे पत्ते आणि व्यापारी पेढ्या

वस्ती वाढली कीं घरांचे क्रमांक अपुरे पडतात. मग एकाच क्रमांकास ‘अ’, ‘ब’, ‘क’ जोडून वेळ निभावून न्यावी लागते. इंटरनेटची गत अशीच झाली आहे. त्यावरील प्रत्येक संदेश एका अंकरूप पत्त्यावर जातो. आयपी या पत्तेपद्धतीची चौथी आवृत्ति १९८१ सालीं निश्चित झाली. तिच्यांतील पत्ता ३२ बिटांचा, म्हणून एकंदर पत्ते सुमारें ४२९ कोटी. ते कधीं सरतील असें तेव्हां फारसें कोणास वाटलें नाहीं. परंतु ३ फेब्रुवारी २०११ रोजीं जागतिक भांडारांतील अखेरचे गट वांटून संपले. त्याच वर्षीं मायक्रोसॉफ्टनें नॉर्टेल या दिवाळखोर कंपनीचे ६,६६,६२४ पत्ते ७५ लक्ष डॉलरांस विकत घेतले!

सहावी आवृत्ति १९९५ सालींच प्रसिद्ध झाली होती. तिचा पत्ता १२८ बिटांचा. त्यामुळें एकंदर पत्त्यांची संख्या ३९ आंकडी होते. मग पेढ्या तिकडे त्वरित कां वळल्या नाहींत? कारण या दोन पद्धतींचे संगणक मध्यस्थावांचून एकमेकांशीं बोलूं शकत नाहींत; शिवाय एका पत्त्याआड अनेक यंत्रें बसविण्याच्या युक्तीनें जुन्या पद्धतीचें आयुष्य वाढविलें.

१ जानेवारी १९८३ रोजीं आर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वजानें ठराविक दिवशीं पद्धति बदलली; पण तेव्हां यंत्रें थोडीं होतीं. आज तसें करणें अशक्य. म्हणून पेढीनें कांहीं काळ दोन्ही पद्धति शेजारींशेजारीं चालवाव्या, हाच राजमार्ग होय. प्रथम सर्व यंत्रांची व कार्यक्रमांची यादी करावी. मग ग्राहकांस दिसणारी सेवा, आणि त्यानंतर अंतर्गत कारभार नव्या पद्धतीवर आणावा.

यांत दोन खांचखळगे आहेत. जुना पत्ता फार तर १५ अक्षरांत मावतो. नवा पूर्ण लिहिल्यास ३९ अक्षरें लागतात. जुन्या हिशेबी कार्यक्रमांत तेवढी जागा नसते, आणि नोंदी अर्धवट राहतात. दुसरा खळगा अधिक घातक आहे. आजचे बहुतेक संगणक मालकानें न सांगतांहि नवी पद्धति चालूं ठेवूनच येतात. संरक्षक भिंतीचे नियम मात्र जुन्याच पत्त्यांपुरते लिहिलेले असले, तर पुढल्या दारीं पहारा आणि मागलें दार सताड उघडें, अशी अवस्था होते.

तेव्हां नवी पद्धति स्वीकारावी कीं नाहीं, हा प्रश्न पुष्कळ पेढ्यांपुढें उरलेलाच नाहीं. ती न बोलावतां घरांत आली आहे. तिची ओळख करून घेऊन व्यवस्था लावणें, एवढेंच मालकाच्या हातीं आहे.