खांदा बदलत कार्ल्यापर्यंत

पालखी खांद्यावर घेणाऱ्याला आधी चालायला शिकवतात. चौघांची पावलं एकत्र पडता कामा नयेत. ती एकत्र पडली की दांडी उसळते, पालखी हिंदकळते, मूर्तीवरचा हार एका बाजूला सरकतो. म्हणून ज्याने त्याने आपलं पाऊल आखूड ठेवायचं, जमिनीलगत, किंचित घासत टाकायचं. गुडघे सैल आणि मान सरळ. कोनहून एकवीरा देवीच्या पालखीसोबत कार्ल्याला चालत जाताना मी सगळ्यात जास्त वेळ पाहिली ती ही चाल. लांबून बघणाऱ्याला गुलाल, बेंजोची पार्टी आणि नाचणारी पोरं दिसतात. पण पालखी पुढे जाते ती त्यांच्यामधल्या चार माणसांमुळे. ती चौघं नाचत नाहीत.

कोन हे पनवेल तालुक्यातलं, जुन्या मुंबई-पुणे महामार्गावरचं गाव. द्रुतगती मार्ग इथून हाकेच्या अंतरावर. भातखाचरांच्या जागी गोदामं आली, गिरणी कामगारांसाठी सोडत काढलेल्या २४१७ घरांच्या इमारती उभ्या राहिल्या, कंटेनरची रांग दिवसरात्र वाहते. तरीही गुढीपाडवा सरला की पनवेल, उरण, पेण, अलिबागच्या आगरी-कोळी गावांतून पालख्या निघतात, आणि पूर्वेकडे घाट चढायला लागतात. चैत्र शुद्ध षष्ठीला देवघर गावी देवीचा भाऊ काळभैरवनाथ याची यात्रा, सप्तमीला डोंगरावर देवीची पालखी, अष्टमीला तेलवणाचा विधी. तिथीला पोचायचं तर निघायची वेळ आपोआप ठरते. कोन ते कार्ला हे अंतर पन्नासेक किलोमीटर. गाडीने ते तासा-दीड तासाचं आहे. पायी, तेही चैत्रात, ती वेगळीच वाट होते.

पालखी तशी लहान. सागवानी चौकट, वर पत्र्याचं नक्षीकाम, आत आईचा मुखवटा, फुलं, खण-नारळ. पहिल्या मैलात ती जड वाटत नाही. वजन कळतं ते नंतर, आणि तेही खांद्यापेक्षा कमरेला. दांडीला कापडाची घडी बांधलेली असते, शिवाय प्रत्येकाच्या खांद्यावर आपला टॉवेल. खांदेकऱ्यांच्या जोड्या उंचीने लावतात. एकाच उंचीचे दोघे पुढे, एकाच उंचीचे दोघे मागे. खांदा बदलायची रीत फार जपलेली. नवा माणूस मागून येतो, दांडीखाली आपला खांदा लावतो आणि भार आपल्याकडे आल्याचं हाताच्या थापेने कळवतो. मगच जुना खाली वाकून बाहेर निघतो. पालखी यात क्षणभरही थांबत नाही. मागून दादूसची हाक येत राहते, “पोरांनो, दांडी सोरू नका, खांदा आयला!” दादूस म्हणजे गटातला जाणता. त्याच्याकडे घड्याळ नसतं. कुणाच्या पावलात ओढ आली, कुणाची मान वाकली, हे बघून तो माणूस बदलतो. आपण थकलो असं खांदेकरी स्वतः कधी म्हणत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

मुक्कामालाही पालखी जमिनीला टेकवायची नाही, हा नियम. आधी चौरंग येतो, त्यावर स्वच्छ कापड पडतं, मग चौघं एकदम वाकतात.

शेडुंग, चौक, खालापूर, खोपोली असा टप्पा. पहाटे अंधारात निघायचं, दहाच्या आत सावली धरायची, ऊन उतरलं की पुन्हा चालायचं. काहींचा अनवाणी चालण्याचा नवस असतो. ही माणसं रस्त्याच्या कडेची पांढरी पट्टी धरून चालतात, कारण डांबर भाजतं पण पांढरा रंग त्यामानाने कमी तापतो. एका पावलाच्या रुंदीच्या त्या पट्टीवरून एकामागे एक चाललेल्या बायका मी पाहिल्या. हातात पाण्याची बाटली, डोक्यावर पदर, तोंडाने आईचा उदो. तळपायाला फोड आला तर फोडून टाकत नाहीत. सुईत दोरा ओवून फोडातून आरपार काढतात आणि दोरा आतच ठेवतात. पाणी झिरपून जातं, वरची कातडी शाबूत राहते. हे करणाऱ्या मावशीचा हात इतका हलका होता, की ज्याचा पाय तिच्या मांडीवर होता तो मुलगा तेव्हा शेजाऱ्याशी गप्पा मारत होता. पाण्याबाबतही तिची ताकीद एकच, “थोरं थोरं पी, पोटात नको भरू.”

या सगळ्याच्या पुढे एक टेम्पो आणि मागे एक टेम्पो. पुढच्यात स्वयंपाकाचं सामान. पालखी मुक्कामाला पोचायच्या आधी डाळ-भात आणि वांगं-बटाट्याची भाजी तयार हवी, म्हणून रांधणारी मंडळी सगळ्यांच्या आधी उठतात आणि सगळ्यांच्या नंतर जेवतात. पालखी चालू असेपर्यंत मटण-मासळी नाही. देवीचं दर्शन झालं की बोकडाचा मान, मग जेवण. मागच्या टेम्पोवर लाल दिवा लावलेला असतो आणि चमकत्या पट्ट्यांची जॅकेटं घातलेली दोन पोरं टेम्पोच्या बाजूने चालतात. त्यांच्याबद्दल शेवटी पुन्हा लिहायचं आहे.

खोपोली मागे पडली की बोरघाट. ही वाट फार जुनी. कल्याण, सोपारा, चौल या बंदरांतून देशावर जाणारे व्यापारी तांडे सातवाहनांच्या काळी इथूनच वर चढत. गाड्या चालतील असा रस्ता इंग्रजांनी १८३० साली खुला केला, रेल्वे १८६३ साली चढली आणि तिच्या बांधकामात हजारो मजुरांचे जीव गेले. जुन्या रस्त्यावर शिंगरोबाचं देऊळ आहे. ज्या धनगराने गोऱ्या साहेबांना घाटाची वाट दाखवली आणि ज्याला त्यांनी नंतर गोळी घातली, तो शिंगरोबा, असं इथली माणसं सांगतात. ट्रकवाले चालत्या गाडीतून नाणं टाकतात. पालखी मात्र थांबते. नारळ वाढवला जातो, खांदेकरी बदलतात आणि रचनाही बदलते. आता उंच माणसं मागे, बुटकी पुढे. चढावर पालखी मागे कलू नये म्हणून. इथे बेंजो बंद होतो, नाच थांबतो. वळणांवर तापलेल्या ब्रेकचा वास नाकात बसतो आणि बराच वेळ फक्त श्वास आणि चपलांचा आवाज ऐकू येतो. मला हा टप्पा सगळ्या यात्रेत सर्वांत भक्तीचा वाटला.

डोंगरातल्या पालख्या म्हटलं की हिमाचलातल्या कुल्लूच्या दसऱ्याचं कौतुक आपल्याकडे पुष्कळ वाचायला मिळतं, आणि ते रास्तच आहे. बाकी देशाचा दसरा विजयादशमीला संपतो तेव्हा तिथला सुरू होतो, तो आठवडाभर चालतो. सतराव्या शतकात राजा जगतसिंहाने अयोध्येहून रघुनाथाची मूर्ती आणवली, आणि तेव्हापासून खोऱ्यातल्या गावोगावचे शेकडो देव पालख्यांत बसून, माणसांच्या खांद्यावरून ढालपूरच्या मैदानात रघुनाथाला भेटायला येतात. मनालीची हिडिंबाही येते. ते बघायला मराठी माणूस हजारो रुपये खर्चून जातो. जावंच. पण डोंगरवाटा तुडवत माणसांच्या खांद्यावरून निघालेले देव, भावा-बहिणीच्या भेटीची तिथी, गावागणिक ठरलेला मान, हे सगळं पनवेलपासून दोन दिवसांच्या चालीवर आहे. तिकडे देव डोंगरातून खाली उतरतात, इकडे खाडीकाठची माणसं आपल्या देवीला भेटायला डोंगर चढतात. इतकाच काय तो फरक.

खंडाळा, लोणावळा, वलवण मागे टाकून कार्ला फाट्यावरून वळलं की वेहेरगाव. तिथून पाचशेच्या आसपास पायऱ्या. इथे खांदेकऱ्याची खरी परीक्षा. दोन्ही बाजूंनी हार-नारळाची दुकानं, मधून चढणारी आणि उतरणारी गर्दी, आणि पायरीवर घासत पाऊल टाकायची सोय नाही. पाऊल उचलावंच लागतं. चौघांच्या चारही बाजूंनी गटातली पोरं हाताला हात धरून साखळी करतात. पालखी एका वेळी एक पायरी चढते. कुणी मोठ्याने बोलत नाही, फक्त “वर… वर…” एवढंच.

देवळाला अगदी खेटून कार्ल्याचं महाचैत्य आहे. सुमारे १४ मीटर उंच छत, आत ३७ खांब, आणि दोन हजार वर्षं टिकलेल्या लाकडी कमानी. दर्शनाच्या रांगेतले बहुतेक लोक तिथे डोकावून पुढे जातात. मी थांबलो, कारण या लेण्यातले शिलालेख मला फार जवळचे वाटतात. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने हे जंबुद्वीपातलं उत्तम शैलगृह आहे असं कोरून ठेवलं, ते ठीकच. पण दाराचं काम धेनुकाकटच्या वेणुवासाचा मुलगा सामी या सुताराने केलं, हेही तिथे कोरलेलं आहे. धनिकाच्या नावाशेजारी सुताराचं नाव. पालख्यांच्या बातम्यांत पुढारी कोण आले, हेलिकॉप्टरने फुलं कुणी टाकली, हे छापून येतं. खांदेकरी, रांधणारी, फोडात दोरा ओवणारी यांचा उल्लेख कुठेच नसतो. एवढ्याच बाबतीत आपण दोन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांपेक्षा मागे पडलो आहोत, असं मला मनापासून वाटतं.

आता ती जॅकेट घातलेली पोरं. त्यांचं काम सगळ्यांत अवघड आहे आणि सगळ्यांत धोक्याचं. द्रुतगती मार्गावर पायी चालायला बंदी, म्हणून पालख्या जुन्या रस्त्याने जातात. घाटाच्या वरच्या भागात मात्र दोन्ही रस्त्यांची वाहतूक एकत्र येते. २०२१ च्या नोव्हेंबरात खालापूर भागातून आळंदीला निघालेल्या दिंडीत वडगाव मावळजवळ पिकअप घुसला आणि वारकरी दगावले. तोही हाच जुना महामार्ग. दोन्ही पोरं अंधारात मागे बघत, उलट्या पावली चालतात. येणाऱ्या प्रत्येक गाडीला टॉर्च हलवून वेग कमी करायला सांगतात. बहुतेक गाड्या ऐकतात. काही हॉर्न दाबून डावीकडून घुसतात, जिथे पांढऱ्या पट्टीवरून अनवाणी बायका चाललेल्या असतात.

पालखी काढणाऱ्या मंडळांनी मागच्या टेम्पोवरचा दिवा, चमकत्या पट्ट्या आणि अंधारात एकच रांग, यात कसूर करू नये. घाटात डीजे नकोच, मागून येणारी गाडी ऐकू यायला हवी. महामार्ग पोलिसांनी पंचमी ते सप्तमी घाटातली एक मार्गिका रात्री पालख्यांसाठी मोकळी ठेवावी. आणि पाडव्यानंतरच्या आठवड्यात पनवेलहून लोणावळ्याकडे जुन्या रस्त्याने निघणार असाल तर एवढं करा: पुढे टॉर्च हलताना दिसला की वेग कमी करा, आणि काही झालं तरी डावीकडून गाडी काढू नका.