तेलगळती संशोधन योजना व तज्ञपरीक्षण

समुद्रात सांडलेल्या खनिज तेलाचा प्रवास, त्यात घडून येणारे रासायनिक बदल, सजीवांवर होणारे परिणाम आणि ते काढून टाकण्याच्या पद्धती यांविषयी शासन जे संशोधन हाती घेते, त्याचा आराखडा अंमलात येण्यापूर्वी व नंतर ठराविक काळाने त्या खात्याबाहेरील शास्त्रज्ञांकडून तपासून घेण्याच्या पद्धतीस तज्ञपरीक्षण म्हणतात. योजनेने योग्य प्रश्न निवडले आहेत काय, त्यांची उत्तरे मिळतील अशा पद्धती योजल्या आहेत काय आणि निष्कर्षांचा प्रत्यक्ष संकटकाळी उपयोग होईल काय, हे या परीक्षणात पाहिले जाते. मुंबई हाय तेलक्षेत्राच्या दक्षिणेस आणि अरबी समुद्रातील जहाजमार्गांच्या पूर्वेस असलेल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या किनाऱ्याच्या दृष्टीने हा विषय विशेष महत्त्वाचा आहे.

परीक्षणाची गरज : तेलगळतीच्या वेळी निर्णय काही तासांत घ्यावे लागतात. तवंग किनाऱ्याकडे येईल की समुद्रात पसरेल, तो तरत्या रोधकांनी अडवावा की रसायनांनी फोडावा, खाडीचे मुख बंद करावे की नाही, या प्रश्नांची उत्तरे त्या वेळी शोधता येत नाहीत. ती आधीच शोधून ठेवावी लागतात. चुकीच्या गृहीतांवर आधारलेले संशोधन झाल्यास ती चूक गळतीच्या वेळीच उघड होते आणि तिचे परिणाम मच्छीमार व समुद्रातील जीवसृष्टी यांना भोगावे लागतात. संशोधनाचा आराखडा बहुधा तो राबविणाऱ्या संस्थाच तयार करतात. त्यामुळे उपलब्ध उपकरणे, सवयीच्या पद्धती व खात्याची सोय यांकडे त्यांचा कल झुकण्याचा संभव असतो. त्रयस्थ तज्ञांची तपासणी हा त्यावरील एक उपाय होय.

ऐतिहासिक आढावा : १८ मार्च १९६७ रोजी ‘टॉरी कॅन्यन’ हे तेलवाहू जहाज इंग्लंडच्या नैर्ऋत्येस खडकांवर आदळले. त्यात सु. १,१९,००० टन अशुद्ध तेल होते. कॉर्नवॉलचे किनारे स्वच्छ करण्यासाठी सु. १०,००० टन प्रक्षालके वापरण्यात आली. प्लिमथ येथील सागरी जीववैज्ञानिक प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी केलेल्या पाहणीत असे दिसून आले, की अनेक ठिकाणी तेलापेक्षा या प्रक्षालकांनीच अधिक जीवहानी केली होती. खडकांवरील शैवल खाणारे शंखधारी प्राणी मेल्यामुळे तेथे हिरव्या शैवलांची बेसुमार वाढ झाली. जेथे प्रक्षालके वापरली नव्हती, ते किनारे काही वर्षांत पूर्वस्थितीस आले. जेथे ती भरपूर वापरली, तेथे त्यास दहा वर्षे वा त्याहून अधिक काळ लागला. वापरापूर्वी ही रसायने सागरी प्राण्यांवर पुरेशी तपासली गेली असती, तर ही हानी बऱ्याच अंशी टळली असती. सागरी प्रदूषणाच्या वैज्ञानिक बाजूंविषयी संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांना सल्ला देणारा तज्ञगट १९६९ मध्ये स्थापन झाला.

२४ मार्च १९८९ रोजी अलास्काच्या किनाऱ्यावर ‘एक्सॉन व्हाल्डीझ’ जहाजातून सु. ३७,००० टन तेल सांडले. तेथे किनाऱ्याचे काही पट्टे मुद्दाम अस्वच्छ ठेवण्यात आले व धुतलेल्या पट्ट्यांशी त्यांची तुलना करण्यात आली. उच्च दाबाच्या गरम पाण्याने धुतल्यामुळे तेलातून वाचलेले जीवही नष्ट होतात, हे या तुलनेमुळेच कळले. या दुर्घटनेनंतर अमेरिकेने १९९० मध्ये केलेल्या तेल प्रदूषण अधिनियमानुसार विविध शासकीय खात्यांची एक संशोधन समन्वय समिती नेमण्यात आली. तिने तयार केलेली संशोधन योजना पुरेशी आहे की नाही, याची तपासणी राष्ट्रीय विज्ञान अकादमीकडून करून घेण्याची तरतूद त्या अधिनियमातच होती. १९९२ मध्ये सादर झालेली योजना अकादमीच्या समितीने तपासली व १९९७ मध्ये तिची सुधारित आवृत्ती निघाली. तज्ञपरीक्षण केवळ संकेतावर न सोडता कायद्याने बंधनकारक केल्याचे हे ठळक उदाहरण होय.

एप्रिल २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातातील ‘डीपवॉटर होरायझन’ मंचावर स्फोट झाला. या वेळी तवंग फोडणारी सु. ७० लाख लिटर रसायने वापरली गेली व त्यांचा काही भाग खोल समुद्रातील विहिरीच्या तोंडाशीच सोडण्यात आला. या पद्धतीचे परिणाम तोवर फारसे अभ्यासलेले नव्हते. संबंधित कंपनीने दहा वर्षांच्या संशोधनासाठी ५० कोटी डॉलर देऊ केले. मात्र प्रकल्पांची निवड स्वतंत्र संशोधन मंडळाने त्या विषयातील तज्ञांच्या परीक्षणानंतर करावी, अशी व्यवस्था ठरली. पैसा देणारा व प्रश्न ठरविणारा वेगळा ठेवण्याचे तत्त्व यातून दृढ झाले.

भारतातील व्यवस्था : भारतीय सागरात तेलगळतीच्या निवारणाचे समन्वयन १९८६ पासून तटरक्षक दलाकडे आहे. राष्ट्रीय तेलगळती आपत्ती आकस्मिकता योजना १९९३ मध्ये मंजूर झाली व १९९६ मध्ये जारी करण्यात आली; पुढे तिच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. तीत गळतीच्या तीन पायऱ्या मानल्या आहेत : ७०० टनांपर्यंत, ७०० ते १०,००० टन आणि १०,००० टनांहून अधिक. बंदरे, तेल कंपन्या व किनारी राज्ये यांनी आपापल्या स्थानिक योजना तयार ठेवाव्यात, अशी अपेक्षा आहे. संशोधनाची बाजू मुख्यत्वे गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था (स्थापना १९६६), नागपूर येथील राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था आणि हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र यांच्याकडे आहे. तवंग कोणत्या दिशेस जाईल, याचे गणिती प्रतिमानांवर आधारलेले पूर्वानुमान हैदराबादचे केंद्र पुरविते. निवारण, संशोधन व किनाऱ्याचे व्यवस्थापन ही कामे अशी निरनिराळ्या मंत्रालयांत विभागलेली असल्यामुळे, त्यांच्या योजना एकत्र ठेवून पाहणाऱ्या त्रयस्थ परीक्षणाचे महत्त्व वाढते.

पश्चिम किनाऱ्यावर अशा योजनांची कसोटी पाहणाऱ्या घटना वारंवार घडल्या आहेत. मे १९९३ मध्ये मुंबई हायपासून उरणकडे येणारी तेलवाहिनी फुटून काही हजार टन तेल समुद्रात गेले. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ ‘एमएससी चित्रा’ व ‘खलिजिया-३’ या जहाजांची टक्कर होऊन सु. ८०० टन तेल सांडले. परिसरातील कांदळवनांना त्याचा उपद्रव झाला आणि मासळी खाण्याविषयी भीती पसरून तिची विक्री घटली. मे २०२५ मध्ये केरळच्या किनाऱ्याजवळ ‘एमएससी एल्सा-३’ हे इंधन तेल व घातक माल असलेले जहाज बुडाले. अशा वेळी तेल व रसायने यांचा एकत्रित विचार करावा लागतो, हे त्यावरून स्पष्ट झाले.

सिंधुदुर्ग किनारा : रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आलेल्या या जिल्ह्याचे मुख्यालय ओरोस येथील सिंधुदुर्गनगरी हे होय. देवगड, मालवण व वेंगुर्ले या तीन तालुक्यांना मिळून सु. १२० किमी. लांबीचा किनारा लाभला आहे. विजयदुर्ग, देवगड, आचरा, कालावल, कर्ली व तेरेखोल या खाड्या, त्यांच्या काठची खारफुटी, खडकाळ भूशिरे व त्यांमधील वाळूच्या पुळणी अशी त्याची रचना आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील २९.१२ चौ. किमी. क्षेत्र १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाले. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील सय्यद झहूर कासिम व एम. व्ही. एम. वफर यांनी १९७९ मध्ये पश्चिम किनाऱ्यावर अनेक ठिकाणी जिवंत प्रवाळ असल्याची नोंद केली होती. मालवणच्या उथळ पाण्यातही असे प्रवाळ आढळतात. विजयदुर्गच्या पश्चिमेस सु. १०५ किमी. अंतरावर आंग्रिया बँक हे पाण्याखालील विस्तृत प्रवाळक्षेत्र आहे. काही पुळणींवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. खडकांवरील कालवे व खाड्यांतील तिसऱ्या आणि मुळे गोळा करणे हा अनेक कुटुंबांचा, विशेषतः स्त्रियांचा, उपजीविकेचा आधार आहे. किनाऱ्यावरून जाळे ओढण्याची रापण ही सामूहिक मासेमारीही येथे चालते.

या किनाऱ्याला असलेला धोका ऋतुमानाशी निगडित आहे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो, तर हिवाळ्यात तो उत्तरेकडे वळतो. प्रवाहाबरोबरच, वाऱ्याच्या वेगाच्या सु. तीन टक्के इतक्या वेगाने तवंग वाऱ्याच्या दिशेने सरकतो. त्यामुळे मे ते सप्टेंबर या काळात उत्तरेकडील तेलक्षेत्रात किंवा जहाजमार्गावर सांडलेले तेल कोकण व गोव्याच्या किनाऱ्यांकडे येण्याचा संभव अधिक असतो. याच काळात या किनाऱ्यांवर डांबराचे गोळे येऊन पडतात. गोळ्यांतील हायड्रोकार्बनांचे प्रमाण तपासून त्यांचा उगम शोधण्याचे काम राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने केले आहे.

१६ सप्टेंबर २०२२ रोजी ‘पार्थ’ हे ३,९०० टनांहून अधिक डांबर घेऊन मंगळूरकडे निघालेले जहाज रत्नागिरीच्या पश्चिमेस सु. ४० सागरी मैलांवर पाणी शिरून बुडाले. तटरक्षक दलाने त्यावरील १९ खलाशांना वाचविले. पावसाळी बंदीनंतर मासेमारीचा नवा हंगाम सुरू झालेला असताना ही घटना घडल्यामुळे देवगड-मालवण भागात चिंता निर्माण झाली. शास्त्रीय दृष्ट्याही ही घटना बोधप्रद आहे. तरता तवंग गृहीत धरून केलेली प्रतिमाने बुडालेल्या डांबरास लागू पडत नाहीत. ते थंड पाण्यात घट्ट होते आणि त्याची घनता समुद्राच्या पाण्याइतकी वा किंचित अधिक असल्याने तळाशी राहू शकते. केवळ पृष्ठभागावरील तेलाचा विचार करणारी संशोधन योजना अशा प्रसंगी अपुरी ठरते. राजापूर तालुक्यातील नाणार परिसरात योजलेल्या ६ कोटी टन वार्षिक क्षमतेच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या क्षेत्रात देवगड तालुक्यातील गिर्ये व रामेश्वर या गावांचाही समावेश होता. तेथील भूसंपादनाची अधिसूचना मार्च २०१९ मध्ये रद्द झाली. तथापि अशा प्रकल्पाबरोबर तेलवाहू जहाजांची ये-जा वाढते आणि तिचा विचार आधी व्हावयास हवा, हा प्रश्न त्या निमित्ताने पुढे आला.

परीक्षणातील मुद्दे : या किनाऱ्यासाठी आखलेल्या संशोधन योजनेचे परीक्षण करताना पुढील गोष्टी पाहणे आवश्यक ठरते. (१) गळतीपूर्व स्थितीची नोंद : प्रवाळ, खारफुटी, शिंपले व गाळातील हायड्रोकार्बने यांची वेगवेगळ्या ऋतूंतील मापे आधीच उपलब्ध नसतील, तर गळतीनंतर झालेली हानी मोजता येत नाही. (२) तुलनास्थाने : तेल न पोहोचलेली व इतर बाबतींत समान असलेली ठिकाणे निवडलेली असावीत. (३) स्थानिक जीवजाती : शीत कटिबंधातील माशांवर तपासलेली रसायने मालवणच्या प्रवाळांना व तिसऱ्यांना अपायकारक नाहीत, असे मानता येत नाही. उथळ, बंदिस्त पाण्यात फुटलेले तेल विरळ न होता तळाकडे जाते, हेही लक्षात घ्यावे लागते. (४) प्रतिमानांची पडताळणी : खाडीमुखाशी भरती-ओहोटीचे प्रवाह गुंतागुंतीचे असतात. मोठ्या चौकटीचे प्रतिमान त्यांचे चित्र देऊ शकत नाही. म्हणून तरंगत्या खुणा सोडून प्रत्यक्ष मोजमाप करावे लागते. (५) कालावधी : परिणाम काही वर्षांनी दिसत असल्यास दोन वर्षांचा प्रकल्प ते टिपू शकत नाही.

या नोंदींना आर्थिक महत्त्वही आहे. तेलवाहू जहाजांपासून होणाऱ्या प्रदूषणाच्या नुकसानभरपाईसंबंधीच्या आंतरराष्ट्रीय करारांत भारत सहभागी आहे. या करारांनुसार पर्यावरणीय हानीची भरपाई पूर्वस्थिती आणण्यासाठी केलेल्या वाजवी उपायांच्या खर्चापुरती मर्यादित असून, केवळ सैद्धांतिक गणिताने काढलेली रक्कम मान्य होत नाही. मच्छीमारांना उत्पन्नातील घट पुराव्यानिशी दाखवावी लागते. रापणीची मासळी किंवा खाडीतून काढलेल्या तिसऱ्या यांची नियमित नोंद नसेल, तर ज्यांचे नुकसान सर्वांत अधिक त्यांचीच बाजू दुबळी पडते. ही नोंद ठेवणे हा संशोधन योजनेचा भाग मानला जावा.

तज्ञांची निवड : तेलगळती हा एका शास्त्राचा विषय नाही. समुद्रभौतिकी, रसायनशास्त्र, जीवविज्ञान, विषविज्ञान, नौकानयन, अर्थशास्त्र व कायदा या शाखांतील तज्ञ एकत्र यावे लागतात. परीक्षक योजना आखणाऱ्या वा राबविणाऱ्या संस्थेतील नसावा, तेल वा जहाज उद्योगाशी त्याचा आर्थिक संबंध असल्यास तो आधी जाहीर व्हावा आणि परीक्षणाचे अहवाल व त्यांवर खात्याने दिलेली उत्तरे खुली असावीत, हे संकेत सर्वसाधारणपणे मान्य झाले आहेत. या विषयाचे जाणकार देशात मोजक्याच संस्थांत असल्यामुळे पूर्णतः त्रयस्थ व्यक्ती मिळणे कठीण जाते. अशा वेळी विद्यापीठांतील, इतर राज्यांतील व परदेशांतील शास्त्रज्ञांची मदत घेतली जाते. प्रवाह, वारे, माशांचे थवे व तळाची रचना यांविषयी मच्छीमारांना असलेले पिढीजात ज्ञान हेही तज्ञज्ञानच होय. मालवण अभयारण्याच्या घोषणेनंतर मासेमारीवर बंधने येतील या भीतीने स्थानिकांनी दीर्घकाळ विरोध केला. मच्छीमारांना विश्वासात न घेता आखलेल्या योजना कागदावर कितीही निर्दोष असल्या, तरी किनाऱ्यावर टिकत नाहीत, असे त्यावरून दिसते.

मर्यादा : तज्ञपरीक्षणाने योजनेतील दोष दाखविता येतात; ते दूर करण्याची शक्ती त्यात नाही. परीक्षकांचे मत सल्लादायी असते आणि निधी, मनुष्यबळ व अधिकार यांचे निर्णय शासनाकडेच राहतात. परीक्षण लांबल्यास आवश्यक काम खोळंबते, तर ते केवळ उपचार म्हणून केल्यास चुकीच्या योजनेला प्रतिष्ठा मिळते. त्यामुळे परीक्षणाची मुदत ठरलेली असणे, न स्वीकारलेल्या सूचनांची कारणे नोंदविणे आणि प्रत्येक मोठ्या गळतीनंतर योजना पुन्हा तपासणे या तीन गोष्टींवर त्याची उपयुक्तता अवलंबून असते.