परदेशी शिक्षणाची सरकारी शिष्यवृत्ती आणि निवडीआधीचे वर्ष

परदेशातील शिक्षणाचा सर्व भार उचलणाऱ्या सरकारी शिष्यवृत्तीत सामान्यतः विद्यापीठाचे शुल्क, निर्वाह भत्ता, विमानभाडे, आरोग्यविमा आणि बहुधा व्हिसाचा खर्च यांचा समावेश असतो. त्यामुळे शुल्कात अंशतः सवलत देणारी विद्यापीठाची मदत किंवा बँकेचे शैक्षणिक कर्ज यांची गणना तीत होत नाही. मात्र सरकारचा हा भार निवड झाल्यानंतर सुरू होतो. तत्पूर्वीचे सुमारे वर्षभर लागणारा पैसा, कागदपत्रे आणि माहिती यांची जुळवाजुळव विद्यार्थ्यालाच करावी लागते, आणि अनेक गुणी विद्यार्थी परीक्षकांपर्यंत पोहोचण्याआधी याच काळात गळतात.

या शिष्यवृत्त्या दोन प्रकारच्या आहेत. पहिल्या प्रकारात स्वतःच्या देशाचे किंवा राज्याचे सरकार विद्यार्थ्याला बाहेर पाठवते. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती 1954-55 पासून चालू असून अलीकडच्या मार्गदर्शक सूचनांनुसार तिच्या वर्षाला 125 जागा आहेत. त्यांतील बहुतांश जागा अनुसूचित जातींसाठी, तर उरलेल्या विमुक्त व भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या कुटुंबांतील विद्यार्थ्यांसाठी आहेत, आणि कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा वार्षिक 8 लाख रुपये आहे. महाराष्ट्र शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीत अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी 75 जागा असतात; इतर मागासवर्ग, आदिवासी आणि मराठा समाजासाठीही राज्याच्या स्वतंत्र योजना आहेत. दुसऱ्या प्रकारात यजमान देश पैसे देतो. ब्रिटनची चेव्हनिंग, अमेरिका व भारत यांनी मिळून चालवलेली फुलब्राइट-नेहरू, जर्मनीच्या डाड या संस्थेच्या आणि जपानच्या शिक्षण मंत्रालयाच्या शिष्यवृत्त्या ही त्याची परिचित उदाहरणे होत. पहिल्या प्रकारामागे सामाजिक वंचना दूर करण्याची भूमिका असते, तर दुसऱ्यामागे परराष्ट्रसंबंध दृढ करण्याची. म्हणून पहिल्यात पात्रतेचे कागद निर्णायक ठरतात आणि दुसऱ्यात निबंध, शिफारसपत्रे व मुलाखत. एका ठिकाणचा अर्ज जसाच्या तसा दुसरीकडे पाठवणे त्यामुळे व्यर्थ ठरते.

अशा मदतीला मुदत आणि अटी नेहमीच राहिल्या आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानाने दिलेल्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. तिची मुदत तीन वर्षांची होती आणि शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानाची सेवा करण्याचा करार त्यांनी केला होता. पुढे लंडनमधील अभ्यास ऐन भरात असताना शिष्यवृत्ती संपल्यामुळे त्यांना 1917 मध्ये परतावे लागले, आणि 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला गेले तेव्हा मुंबईत प्राध्यापकी करून साठवलेला पैसा, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्राकडून घेतलेली उसनवार यांवर तो अभ्यास पुरा झाला. शिष्यवृत्तीची मुदत आणि पदवीला प्रत्यक्ष लागणारा काळ यांचा मेळ अर्ज करतानाच पाहावा लागतो, विशेषतः पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी हा मुद्दा आजही तितकाच महत्त्वाचा आहे.

कागदपत्रांचा टप्पा वरवर यांत्रिक भासला, तरी सर्वाधिक वेळ तोच खातो. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, आयकर विवरणपत्र, विद्यापीठाकडून मिळणारे ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे सर्व सत्रांतील विषय व गुणांचा अधिकृत उतारा, आणि पासपोर्ट हे सारे वेगवेगळ्या कार्यालयांतून, वेगवेगळ्या गतीने येते. त्यात नावाचा घोळ होतो. महाराष्ट्रातील गुणपत्रिकांवर आडनाव आधी आणि वडिलांचे नाव शेवटी छापलेले असते, पासपोर्टवर त्याची विभागणी निराळी होते, आणि लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांच्या बाबतीत राजपत्रातील नोंद किंवा प्रतिज्ञापत्रही जोडावे लागते. ही विसंगती अंतिम मुदतीच्या आठवड्यात लक्षात आली तर ती दुरुस्त होत नाही, म्हणून सर्व कागद एकत्र मांडून नावांची तपासणी वर्षभर आधी करणे अगत्याचे आहे.

याहून कठीण अट विनाअट प्रवेशपत्राची, म्हणजे अनकंडिशनल ऑफरची आहे. केंद्राच्या व महाराष्ट्राच्या योजनांत जागतिक क्रमवारीत ठरावीक स्थानाच्या आत असलेल्या विद्यापीठाचे असे पत्र मागितले जाते, तर अनेक विद्यापीठे इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल आणि काही वेळा अनामत रक्कम हाती आल्याखेरीज सशर्त प्रवेशाचे रूपांतर विनाअट प्रवेशात करीत नाहीत. एकट्या आयइएलटीएस परीक्षेलाच पंधरा हजारांहून अधिक रुपये लागतात. त्यात विद्यापीठांचे अर्जशुल्क आणि अनामत मिळवली की मजुरीवर जगणाऱ्या घराला हा खर्च निवडीआधीच अशक्य होतो, आणि ज्या कुटुंबांसाठी योजना आखली त्यांतील सर्वांत गरीब घरेच तिच्या दारात थांबतात. परीक्षाशुल्कासाठी आगाऊ रक्कम आणि विद्यापीठांना पाठवण्यासाठी शासनाचे तात्पुरते हमीपत्र एवढी तरतूद झाली, तरी अर्जदारांचे चित्र बदलेल. चेव्हनिंगमध्ये क्रम उलटा असून तेथे निवड आधी होते आणि प्रवेशपत्र नंतर सादर करता येते. हा क्रम आपल्या योजनांनी अवश्य अभ्यासावा.

यजमान देशांच्या अर्जातील निबंधांत मराठी विद्यार्थी बहुधा आपली गरिबी किंवा गुणांची टक्केवारी मांडतात, पण परीक्षकांना हवा असतो तो केलेल्या कामाचा तपशील. चेव्हनिंगसाठी किमान 2,800 तासांचा कार्यानुभव लागतो आणि नेतृत्व, संपर्कजाळे, अभ्यासक्रमाची निवड व पुढील योजना यांवर लिहावे लागते. ‘समाजासाठी काही करायचे आहे’ या वाक्यापेक्षा तालुक्यातील पाणीपुरवठ्याच्या कोणत्या प्रश्नावर काय केले, त्यात काय जमले नाही आणि नेमक्या कोणत्या अभ्यासक्रमातून ती उणीव भरेल, हे सांगणे अधिक परिणामकारक ठरते. शिफारसपत्राचा मसुदा विद्यार्थ्यानेच करायचा आणि प्राध्यापकांनी त्यावर सही करायची, ही आपल्याकडील प्रथा मात्र घातक आहे, कारण तशी पत्रे एकाच साच्यातली असल्याचे वाचणाऱ्याला लगेच कळते.

नियम दरवर्षी बदलत असल्याने मागील वर्षीच्या माहितीवर विसंबता येत नाही. 2022 मध्ये केंद्राच्या योजनेतून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि समाजाशी निगडित विषयांचा परदेशी अभ्यास वगळण्यात आला, आणि जातिव्यवस्थेचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या दलित संशोधकांची वाट त्यामुळे अरुंद झाली. ज्यांचे जगणेच या विषयाने घडवले आहे त्यांना तो जगातील उत्तम ग्रंथालयांत अभ्यासण्यापासून रोखणे योजनेच्या मूळ हेतूशी विसंगत आहे.

परतीची अटही अर्जापूर्वीच घरच्यांसह समजून घ्यावी लागते. चेव्हनिंगच्या विद्यार्थ्याला शिक्षणानंतर किमान दोन वर्षे मायदेशी राहावे लागते, तर फुलब्राइट-नेहरूचे मानकरी जे-1 व्हिसावर जात असल्याने दोन वर्षे भारतात काढल्याखेरीज किंवा त्या अटीतून अधिकृत सूट मिळाल्याखेरीज त्यांना अमेरिकेचा एच-1बी हा नोकरीचा व्हिसा अथवा स्थायी निवासाचा परवाना मिळू शकत नाही.