म्हातारं कुत्रं दुसऱ्या घरी देताना

वऱ्हाडातल्या कौंडण्यपूरसारख्या गावात म्हाताऱ्या कुत्र्याचा प्रश्न बहुतेक एकाच वाटेनं येतो. मुलगा-सून पुण्याला असतात, इकडे आईवडिलांच्यानं होत नाही, आणि वर्धेकाठचं घर बंद करायचं ठरतं. शेत ठेक्यानं जातं, गाय विकली जाते. ओसरीवरचा दहा वर्षांचा मोत्या तेवढा उरतो. म्हातारं कुत्रं नव्या घरात रुजू शकतं, पण त्यासाठी त्याच्यासोबत त्याच्या सवयी आणि त्याची खरी हकिगतही द्यावी लागते.

आधी विचारायचं ते हे, की देणं खरंच भाग आहे का? ‘सोसायटीत कुत्रा चालत नाही’ एवढंच कारण असेल, तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचना वाचा. बहुमतानं ठराव करूनही सोसायटीला पाळीव प्राण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. मोत्याला सोबत नेता आलं, तर त्याहून चांगलं काही नाही.

नेता येत नसेल, तरी दूरच्या गावी किंवा रस्त्याच्या कडेला सोडून देणं हा मार्ग नाही. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 नुसार पाळलेलं जनावर उपाशी-तहानलेलं पडेल अशा स्थितीत सोडून देणं गुन्हा आहे. पहिल्या वेळचा दंड अवघा 10 ते 50 रुपये आहे. खरी शिक्षा कुत्र्यालाच होते. प्रत्येक गल्लीतल्या कुत्र्यांची हद्द ठरलेली असते. नवख्याला ती फाडायला धावतात, आणि म्हाताऱ्याला ना पळता येतं, ना लढता येतं.

‘शेतावर राखणीला द्या’ हा सल्लाही हमखास मिळतो. आयुष्य ओसरीवर काढलेल्या कुत्र्याला उतारवयात धुऱ्यावर बांधणं म्हणजे त्याला एकटं टाकणं. वऱ्हाडात उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. ते मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतं. म्हाताऱ्या शरीराला ते पेलत नाही. त्यापेक्षा दिवसभर कुणीतरी घरी असणारं, फार जिने नसलेलं, लहान मुलांचा दंगा नसलेलं घर शोधा. सेवानिवृत्त जोडपं, मोत्याला आधीपासून ओळखणारे शेजारी किंवा नातेवाईक सगळ्यांत बरे.

घर शोधायच्या आधी दवाखाना गाठा. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासणी, रेबीजची लस आणि जंताचं औषध होऊन जाईल. दात, सांधे, डोळे, हृदय आणि मूत्रपिंड यांकडे विशेष लक्ष द्यायला सांगा. अंगावर गोचीड होत असतील आणि कुत्रा मलूल असेल, तर गोचीडतापासाठी रक्त तपासून घ्या. मोठी तपासणी लागली तर अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे. सगळे कागद एका फाइलमध्ये लावा.

मग एक वही करा. जेवणाच्या वेळा, कशाला घाबरतो, कोणत्या हाकेला येतो, कुठं झोपतो, हे सगळं लिहा. वाईट गोष्टी लपवू नका. म्हाताऱ्या कुत्र्याचा पुष्कळदा गैरसमज होतो. ऐकू कमी येतं म्हणून हाकेला येत नाही, आणि लोक त्याला हट्टी म्हणतात. मोतीबिंदूमुळे दिसत नाही म्हणून झोपेत हात लावल्यावर दचकून दात लावतो, आणि लोक त्याला चावरा म्हणतात. ‘समोरून या, आधी पाय आपटा, मग हात लावा’ एवढं वहीत असलं, तर नवं घर त्याला दुसऱ्याच दिवशी परत पाठवणार नाही.

हवाली करणं टप्प्याटप्प्यानं व्हावं. आधी नव्या घरच्यांनी दोन-तीनदा ओसरीवर येऊन बसावं, त्याला हातानं खाऊ घालावं. मग तुम्ही त्याला काही तासांसाठी त्यांच्याकडे न्या, आणि शेवटी मुक्कामाला ठेवा. वैशाख, दिवाळीचे फटाके आणि गावात यात्रेची गर्दी असलेले दिवस टाळा. त्याच्यासोबत जुनी गोधडी न धुता द्या. तिचा वास त्याला ओळखीचा असतो. भांडं आणि पट्टाही तोच असू द्या. खाणं बदलायचं असेल, तर आठवडाभरात जुन्यात नवं थोडं थोडं मिसळत न्यावं.

नव्या घरी पहिले तीन दिवस तो नीट जेवणार नाही, दाराशी बसेल. जुन्या घराकडे पळण्याची भीती याच काळात सर्वांत जास्त असते. म्हणून अंगणाचं फाटक लावलेलं असावं, बाहेर नेताना साखळी असावी, आणि गळपट्ट्यावर फोन नंबर असावा. साधारण तीन आठवड्यांत त्याला घराची घडी कळते, आणि तीन महिन्यांत तो माणसांना आपलं मानू लागतो. हा ढोबळ अंदाज आहे. म्हाताऱ्याला जास्त वेळही लागतो. दोन दिवसांहून अधिक अन्न किंवा एक दिवस पाणी घेतलं नाही, तर मात्र डॉक्टरांकडे न्यावं. घरातली पॅरासिटामॉल कधीही देऊ नये. ती कुत्र्याला विषारी ठरू शकते.

देताना दोन शब्द द्या आणि पाळा. औषधांचा खर्च आम्ही उचलू. आणि जमलं नाही तर रस्त्यावर न सोडता आम्हाला कळवा, आम्ही परत नेऊ. ज्याच्या मागे असा आधार असतो, त्याला घर लवकर मिळतं.

पुढच्या वर्षी रेबीजच्या लसीची तारीख येईल, तेव्हा फोन करून आठवण करा. ‘आम्ही कालच टोचून आणलं’ असं उत्तर आलं, की समजा, मोत्या आता त्यांचा झाला.