चरबी धरलेली कोंबडी

अंड्यावरची कोंबडी हातास जड लागली की पाळणाऱ्यास समाधान वाटते. पुष्कळदा ते फसवे असते. अंडी घटू लागतात, तुरा फिका पडतो आणि उन्हाळ्यात एखादे दिवशी भरल्या अंगाची कोंबडी मरून पडलेली आढळते. ती उघडून पाहिल्यास पोटात चरबीचे थर आणि ठिसूळ, पिवळट, कित्येकदा फुटलेले यकृत दिसते.

अंडी घटताच मक्याचा भरडा वाढविण्याकडे कल असतो. येथेच चूक होते. प्रथिने अमिनो आम्लांची बनलेली असून त्यांपैकी लायसिन व मेथिओनिन ही दोन कोंबडीस बाहेरूनच मिळावी लागतात. चाकाचा एक आरा नसला तर बाकीचे आरे मजबूत असूनही चाक भरवशाचे राहत नाही. तसेच यांतील एक उणे पडले की उरलेली अमिनो आम्ले अंड्याच्या कामी येत नाहीत. त्यांतील नत्र विष्ठेवाटे जाते. शेष भाग जळतो किंवा त्याची चरबी होते. उणीव थोडी असेल तर ती भरून काढण्यासाठी कोंबडी अधिक खाते आणि त्याबरोबर आलेल्या जादा पिष्टाचीही चरबीच होते. शिवाय यकृतातील चरबी बाहेर नेण्यास कोलीन लागते व त्याच्या घडणीस मेथिओनिनचा हातभार असतो.

मक्यात प्रथिने ८ ते ९ टक्के, पण लायसिन अवघे पाव टक्क्याच्या आसपास. शेंगदाणा पेंडीत प्रथिने ४० टक्क्यांवर असली तरी ही दोन्ही आम्ले त्या मानाने कमीच. बुरशी लागलेली पेंड तर यकृतास विषच होय. तिळाच्या पेंडीत मेथिओनिन भरपूर, लायसिन थोडे. सोयाबीन पेंडीत याच्या उलट. म्हणून या दोन पेंडी एकमेकींची उणीव भरून काढतात.

रोज सुमारे १०० ग्रॅम खाद्य खाणाऱ्या पांढऱ्या लेगहॉर्न कोंबडीस अंदाजे ३०० मिलिग्रॅम मेथिओनिन व ६९० मिलिग्रॅम लायसिन लागते. खाद्याचे पोते घेताना केवळ प्रथिनांचा आकडा न पाहता या दोहोंचे प्रमाणही दुकानदारास विचारावे. उजेड, पाणी व रोग यांमुळेही अंडी घटतात, हे आधी तपासावे. मेथिओनिनची पूड घालावयाची झाल्यास मात्रा पशुवैद्यकास विचारून ठरवावी आणि ती प्रथम दोन-तीन किलो भरड्यात नीट कालवून मगच साऱ्या खाद्यात मिसळावी. एकदम ओतल्यास ती एका कोपऱ्यातच राहते.